फोन चार्जिंग घेत नाही? आधी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा

केबल लावली, चिन्ह आलं. हात काढला, चिन्ह गेलं. परत लावली, जरा डावीकडे दाबून धरली, आलं. मग केबलखाली एक पुस्तक, पुस्तकाखाली घडी घातलेला रुमाल, आणि ‘इथे कुणी हात लावू नका रे’ अशी घरभर ताकीद. हा प्रकार तुमच्याकडे चालू असेल तर पुढचं वाचा.

आमच्या नात्यागोत्यात कुणाचा फोन चार्जिंग घेईनासा झाला की तो फिरत फिरत माझ्या टेबलावर येतो. मी काही मोबाइल दुरुस्त करणारी नाही, सोल्डरिंगचा हात तर यथातथाच आहे. पण हा एकच बिघाड इतक्यांदा हाताखालून गेलाय की तपासायचा क्रम आता अंगवळणी पडलाय. तो क्रम बाहेरून आत जातो: भिंतीतलं सॉकेट, अडॅप्टर, केबल, पोर्ट, मग सेटिंग आणि सगळ्यात शेवटी बॅटरी आणि फोनच्या आतला सर्किट बोर्ड. लोक नेमकं उलट करतात. “बॅटरी गेली वाटतं” इथूनच सुरुवात होते, आणि फोन उघडून झाल्यावर कळतं की केबल तुटलेली होती.

आधी लक्षण नीट ओळखा

‘चार्ज होत नाही’ या तीन शब्दांत निदान पाच-सहा वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. फोन माझ्याकडे आला की मी आधी हे विचारते:

- केबल लावल्यावर काहीच होत नाही? आवाज नाही, चिन्ह नाही, अगदी ठणठणीत शांतता? दोष कुठेही असू शकतो, पहिल्या पायरीपासून सुरू करा.
- चिन्ह येतं-जातं, केबल ठरावीक कोनात धरली तरच टिकतं? एक तर केबलची मान तुटलीय, नाहीतर पोर्टमध्ये कचरा आहे.
- केबल पूर्ण आत जात नाही, ‘टक्’ होत नाही, फोन उचलला की गळून पडते? जवळजवळ नक्की कचरा.
- चिन्ह आहे, पण रात्रभर लावूनही टक्के जेमतेम वाढतात, किंवा वापरताना उलटे घटतात? अडॅप्टर किंवा केबल अशक्त आहे.
- ८० टक्क्यांवर येऊन थांबतो? बहुधा बिघाड नाहीच, खाली सांगते.
- पाण्याच्या थेंबाचं चिन्ह किंवा ओलावा असल्याची सूचना येते? वाळू द्या, घाई करू नका.
- फोनची पाठ फुगलीय, स्क्रीन एका कडेने वर आलाय, गोडसर रसायनासारखा वास येतोय किंवा फोन हातात धरवत नाही इतका तापतोय?

या शेवटच्या ओळीतलं काहीही असेल तर बाकीचं वाचू नका. चार्जर काढा, फोन बंद करा, कागद-कापडापासून दूर फरशीवर ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला दाखवा. फुगलेल्या लिथियम बॅटरीत वायू साठलेला असतो. ती दाबायची नाही, टोचायची नाही आणि ‘एकदा शेवटचं चार्ज करून फोटो काढून घेऊ’ असंही करायचं नाही. शंका असेल तर कव्हर काढून फोन सपाट टेबलावर ठेवा आणि बोटाने हलका फिरवा. कॅमेऱ्याचा उंचवटा सोडून मधल्या पोटावर भोवऱ्यासारखा फिरला तर फुगलाय.

भिंतीपासून सुरुवात

हसू नका. बटण चालू आहे का, हे बघायला दोन सेकंद लागतात, आणि माझ्याकडे आलेल्या फोनांपैकी निदान दोन या पायरीवर ‘बरे’ झालेत. त्याच सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावून बघा, टेबललॅम्प चालेल. एक्स्टेंशन बोर्डवर असाल तर अडॅप्टर थेट भिंतीत लावा. एक्स्टेंशनमधल्या पितळी पट्ट्या वापरून वापरून सैल होतात, अडॅप्टर स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि संपर्क सुटतो. सॉकेट काळं पडलेलं दिसलं, चटचट आवाज आला किंवा अडॅप्टरचे दांडे गरम लागले तर ते सॉकेट वापरणं बंद करा. ते काम इलेक्ट्रिशियनचं. तिथे आपण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभं राहायचं नाही.

फोन लॅपटॉपच्या यूएसबीला लावून ‘चार्जच होत नाही’ म्हणत असाल तर आधी तोही भिंतीवर आणा. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून प्रमाणानुसार ५ व्होल्टला अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. भागाकार करा: काहीही वाया गेलं नाही तरी साडेसात तासांच्या वर. वर स्क्रीन चालू ठेवून व्हिडिओ बघत असाल तर आत येतं तेवढंच बाहेर जातं. टाकी भरतेय पण खालचा नळ उघडाच आहे, असा मामला.

केबल आणि अडॅप्टर: एका वेळी एकच बदला

इथे सगळ्यात मोठी चूक होते. लोक शेजाऱ्याकडून पूर्ण चार्जर मागून आणतात, फोन चार्ज होतो, मग आपला पूर्ण चार्जर टाकून देतात. दोष केबलचा असतो आणि अडॅप्टर फुकट जातो.

चालणारा दुसरा संच मिळवा. आधी आपलाच अडॅप्टर ठेवून फक्त केबल बदला. मग आपली केबल ठेवून अडॅप्टर बदला. मग आपला पूर्ण संच दुसऱ्या एखाद्या फोनला लावा. तीन चाचण्या, पाच मिनिटं. नुसती केबल बदलून फोन चार्ज झाला तर केबल दोषी. नुसता अडॅप्टर बदलून झाला तर अडॅप्टर. दोन्ही बदलूनही होत नाही आणि तुमचा संच दुसऱ्या फोनला मजेत चार्ज करतोय, तर दोष फोनकडे सरकला. कुठल्याही दुरुस्तीवाल्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. तो न विचारता फोन उघडायला घेणाऱ्यापासून मी तरी जरा सावध राहते.

दोघांत आधी केबल मरते. तिच्या आत तांब्याच्या केसासारख्या तारांचे जुडगे असतात आणि ते टोकापाशी, जिथे पिन आणि वायर जुळतात त्या मानेत, रोज वाकतात. बाहेरचं रबर शाबूत दिसतं, आत अर्ध्या तारा तुटलेल्या. उरलेल्या तारांतून थोडा प्रवाह जातो, म्हणून चिन्ह दिसतं, पण वेग नसतो. फोन चार्जिंगला लावून केबलची मान हलक्या हाताने चारी दिशांना वाकवा. चिन्ह लुकलुकलं तर केबलचा निकाल लागला. टेप गुंडाळून चालवायचा मोह आवरा. टेप बाहेरचं रबर धरून ठेवते, आतली तुटलेली तार जोडत नाही, आणि अर्धवट तुटलेल्या तारा तिथेच तापतात.

पिनच्या टोकाकडेही बघा. जुन्या आयफोनच्या लाइटनिंग केबलच्या पिनवर एका बाजूला आठ सोनेरी पट्ट्या असतात. त्यातली एखादी काळी पडलेली दिसेल, जळल्यासारखी. ओलसर पोर्टमध्ये वीज खेळली की असं होतं. कोरड्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन पुसून बघा. सोन्याचा मुलामाच उडाला असेल तर पुसून फरक पडणार नाही, केबल बदला.

टाइप-सी वाल्यांसाठी एक चाचणी आहे, माझी सगळ्यात आवडती, कारण तिला काही साहित्यच लागत नाही. केबल काढा, उलटी करा, परत लावा. टाइप-सी दोन्ही बाजूंनी चालायला हवी. एका बाजूने चार्ज होतो आणि उलटी केली की होत नाही, तर संपर्काच्या दोन रांगांपैकी एकीत गडबड आहे. हेच दुसऱ्या केबलनेही घडलं तर पोर्टची ती बाजू मळलीय किंवा मोडलीय. पहिल्याच केबलने घडलं तर केबल. टाइप-सी पोर्टच्या मधल्या जिभेवर वर बारा आणि खाली बारा, असे एकूण २४ संपर्क असतात. फोन किती वीज घेऊ शकतो ही बोलणी त्यातल्या एका खास संपर्कावरून होतात, आणि केबल उलटी केली की बोलणीचा संपर्क बदलतो. म्हणून ही साधी उलटापालट इतकं काही सांगून जाते.

अडॅप्टर सहसा अचानक मरतो. काल चालत होता, आज नाही. तापून करपल्याचा वास, आतून सततचा चीं आवाज, प्लास्टिकला तडा, यातलं काही दिसलं तर तो कचऱ्यात, तपासायच्याही भानगडीत पडू नका. अडॅप्टर उघडून दुरुस्त करायचा नाही. सॉकेटमधून काढल्यावरही त्याच्या आतल्या कॅपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो.

पोर्ट: इथे थांबून नीट बघा

संच ठीक आणि फोन तरी चार्ज होत नाही, अशा वेळी माझा अनुभव एकाच जागी बोट दाखवतो. खिशातले कापडाचे तंतू.

माझ्या भाच्याचा किस्सा सांगते. महिनाभरात त्याने दोन केबली आणि एक अडॅप्टर घेऊन झाला होता. फोन पुढे करत म्हणाला, “मावशी, बॅटरीच गेली असणार. मी व्हिडिओत बघितलंय.” मी केबल लावली तर ती आत गेली, पण पिनच्या धातूची एक बारीक चकाकती कड बाहेर राहिली. दुसऱ्या फोनमध्ये तीच केबल लावली तर ती कड दिसेना. तिथेच कळलं. टॉर्च मारला, पोर्टचा तळ काळा असायला हवा तो करडा-निळा दिसला. दहा मिनिटं कोरून जे निघालं ते बघण्यासारखं होतं: जीन्सच्या रंगाची, चपटी, घट्ट गादी, आणि तिच्यावर पिनच्या टोकाचा स्वच्छ ठसा उमटलेला. फोन चार्ज झाला. बॅटरी अजून तीच आहे.

हे होतं कसं, ते कळलं की पुढची साफसफाई नीट होते. फोन खिशात जातो तेव्हा पोर्टचं तोंड बहुतेक वेळा खाली किंवा वर उघडं असतं. कापडाचे तंतू आत शिरतात. एकदोन तंतूंनी काही बिघडत नाही, पण तुम्ही रोज केबल लावता तेव्हा ते खलबत्त्यात कुटल्यासारखे तळाशी कुटले जातात. थर अर्धा मिलिमीटर झाला की पिन तेवढी बाहेर राहते आणि संपर्क जेमतेम टेकतात. म्हणून मग ‘डावीकडे दाबून धरलं की होतं’. फुंकर मारून ही गादी हलत नाही, कारण ती धूळ राहिलेली नसते, तिचा नमदा झालेला असतो. शिवाय फुंकरीबरोबर तोंडातली वाफ आत जाते, ती वेगळीच.

आता साफ कसं करायचं.

फोन बंद करा, नुसता स्क्रीन नाही, पूर्ण बंद. कव्हर काढा, कधीकधी जाड कव्हरच पिनला पूर्ण आत जाऊ देत नाही आणि मग पुढचं सगळं वाचतं. चांगला उजेड घ्या, दुसऱ्या फोनचा टॉर्च उत्तम. शक्य असेल तर भिंग घ्या, किंवा त्या दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने झूम करा.

हत्यार म्हणजे लाकडी टूथपिक. टाचणी, सुई, सेफ्टी पिन, सिमकार्डची पिन, यातलं काहीही नको. धातू सोनेरी मुलामा खरवडतो, दोन संपर्क एकमेकांना जोडू शकतो, आणि मुख्य म्हणजे हाताला अंदाज येत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझा स्वतःचा एक मायक्रो यूएसबीचा फोन मी सुईने साफ करायला घेतला होता. मधली इवलीशी जीभ कट् करून मोडली. कचरा निघाला, फोन गेला.

टाइप-सी साठी अख्खी टूथपिक जाड पडते. मधल्या जिभेच्या वर आणि खाली जी फट असते ती एक मिलिमीटरपेक्षाही कमी आहे. ब्लेडने टूथपिकचं टोक तिरकं तासून चपटं करा, चमच्याच्या कडेसारखं. टोक कोरडं आणि तुसं नसलेलं हवं, नाहीतर त्याचाच तुकडा आत राहायचा. फोन तोंड खाली करून धरा, म्हणजे निघालेलं खाली पडेल, पुन्हा आत बसणार नाही. टोक पोर्टच्या कडेकडेने, बाहेरच्या धातूच्या भिंतीला घासत आत न्या आणि तळाशी पोचल्यावर बाजूने ओढत बाहेर आणा. ढकलायचं नाही, उकलायचं. जिभेवर जोर द्यायचा नाही आणि तिचा टेकू तर अजिबात करायचा नाही. लाइटनिंग पोर्टमध्ये मधली जीभ नसते, पोकळी मोकळी असते, त्यामुळे ते काम सोपं. तिथे संपर्क एका रुंद, सपाट भिंतीवर असतात, तेवढी बाजू घासू नका.

पहिल्या ओढीत काही आलं नाही म्हणून सोडू नका. घट्ट गादीचा कोपरा सुटला की बाकीची एकदम येते. काहीच निघत नसेल, आणि केबलही पूर्ण आत बसतेय, तर मग तिथे कचरा नाही. उगाच कोरत बसू नका.

संपर्कांवर हिरवट किंवा पांढरट पूड दिसली तर तो गंज. बंद फोनमध्ये, मऊ नायलॉन ब्रशला जेमतेम ओलसर होईल इतकं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकं पुसून बघता येतं. ९० टक्क्यांच्या वरचं घ्या, कमी टक्क्यांच्या बाटलीत बाकीचं पाणीच असतं. नंतर तासभर वाळू द्या. गंज खोल असेल तर त्याने भागत नाही, आणि एकदा करून फरक नाही पडला तर परत करूनही पडत नाही.

पोर्ट साफ आहे पण केबल तरी सैल बसते? नवी केबल लावून बघा. टाइप-सीची रचनाच अशी आहे की झिजणाऱ्या स्प्रिंगा केबलच्या पिनमध्ये ठेवल्यात, फोनमध्ये नाही. झीज स्वस्त वस्तूवर यावी, हा त्यामागचा विचार. नव्या केबलनेही पोर्ट खिळखिळा वाटला, पिनबरोबर आतली जीभच हलताना दिसली, तर काम आपल्या हाताबाहेर गेलं.

ओलावा

फोन पाण्यात पडायलाच हवा असं नाही. घाम, वाफ, ओल्या हातांनी लावलेली केबल एवढं पुरतं. ओलावा जाणवला की बरेचसे नवे फोन चार्जिंग स्वतःहून रोखतात, आणि तो त्यांचा शहाणपणा आहे. ओल्या संपर्कांतून वीज गेली की धातू झपाट्याने गंजतो. सूचना बंद करून जबरदस्तीने चार्ज करायचा मार्ग कुणी सांगितला तर ऐकू नका.

केबल काढा, पोर्ट खाली करून फोन तळहातावर हलका आपटा आणि हवेशीर जागी ठेवून द्या. अर्ध्या तासाने बघा. तरी सूचना असेल तर थांबा, पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो. हेअर ड्रायर नको, उष्णतेने आतला गोंद आणि रबर सुटतं. कापूस कोंबायचा नाही, तंतू मागे राहतात. आणि तांदळाच्या डब्यात पुरायचा नाही. आयफोनच्या बाबतीत ॲपलने तांदळाला स्पष्ट नाही म्हटलंय, कारण त्याचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. तांदळात ठेवलेले फोन बरे होतात ते वेळ गेल्याने. दरम्यान फोन चालू ठेवणं भागच असेल आणि त्याला वायरलेस चार्जिंगची सोय असेल तर मागची बाजू पुसून ते वापरता येतं.

फोन अख्खा पाण्यात गेला असेल, तेही खारट किंवा साबणाच्या, तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. बंद करा, चालू करून बघू नका, दुरुस्तीला न्या.

फोन मुद्दाम थांबतोय का?

८० टक्क्यांवर अडकलेला फोन घेऊन माझी आत्या दोनदा आली. दोन्ही वेळा बॅटरी वाचवण्याची सेटिंग चालू होती. आयफोनमध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ८० टक्क्यांपाशी थांबण्याची किंवा तुमची उठायची वेळ ओळखून उरलेलं पहाटे भरण्याची सोय असते. लिथियम बॅटरीला काठोकाठ भरून तासन् तास राहणं मानवत नाही, म्हणून ही सोय. सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर बघा.

सेटिंग नसली तरी ८० च्या पुढे वेग मंदावतोच. बॅटरी आधी जोरात भरतात, व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला टेकलं की प्रवाह हळूहळू कमी करत नेतात. पहिले पन्नास टक्के भर्रकन झाले आणि शेवटचे वीस रेंगाळले, तर सगळं ठीक चाललंय.

उष्णता हे दुसरं कारण. आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हे भोवतालचं तापमान ॲपलने सांगितलंय. इतर फोनही तापले की चार्जिंग मंद करतात किंवा थांबवतात. उशीखाली, उन्हातल्या गाडीत, गेम खेळता खेळता चार्ज करणाऱ्यांची तक्रार बहुधा इथेच मिटते. कव्हर काढा, सावलीत ठेवा, वीस मिनिटांनी बघा.

मग एकदा जबरदस्तीने रीस्टार्ट. क्वचित सॉफ्टवेअर गोठतं आणि चार्जिंग आत जात असूनही चिन्ह दाखवत नाही. बऱ्याचशा अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दहा-वीस सेकंद दाबून धरायचं. आयफोन ८ आणि त्यानंतरच्यांवर आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण लोगो येईपर्यंत धरून ठेवा. याने डेटा जात नाही. फॅक्टरी रीसेटने जातो, आणि चार्जिंगच्या तक्रारीसाठी त्याची गरज मला तरी आजवर पडलेली नाही.

फोन महिनोन् महिने कपाटात पडून ठार झाला असेल तर केबल लावून अर्धा तास निव्वळ सोडून द्या. बॅटरी फार खाली गेली की आधी तिला अगदी बारीक धारेने भरावं लागतं, आणि तेवढा वेळ स्क्रीनवर काहीच दिसत नाही. दर दोन मिनिटांनी केबल काढून बघणारे तिला कधी वर येऊच देत नाहीत.

चार्ज होतो, पण ‘फास्ट’ नाही

याला मी बिघाड मानत नाही, बेबनाव मानते. जलद चार्जिंगसाठी फोन, केबल आणि अडॅप्टर तिघांची भाषा जुळावी लागते. यूएसबी पॉवर डिलिव्हरी पद्धतीत ते ५, ९, १५, २० व्होल्ट अशा पायऱ्यांवर सौदा ठरवतात. काही कंपन्यांची आपापली वेगळी पद्धत आहे. सौदा फिसकटला की सगळे मुकाट्याने साध्या ५ व्होल्टवर येतात. म्हणजे मोठ्या वॅटचा परका अडॅप्टर तुमच्या फोनला गोगलगाय ठरू शकतो, आणि दोघेही निर्दोष असतात. केबलचीही मर्यादा असते: दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमधून ३ अँपिअरपेक्षा जास्त हवे असतील तर तिच्यात ओळख सांगणारी चिप लागते. फोनबरोबर आलेली केबल जपून ठेवा म्हणते ती यासाठी.

बॅटरीवर संशय कधी घ्यायचा

बॅटरी म्हातारी झाली की ती चार्जिंग नाकारत नाही. उलट पटकन भरते आणि पटकन रिकामी होते. ३० टक्के दाखवत असताना फोन एकदम बंद, चार्जरला लावला की परत ३०, थंडीत जास्तच नाटकं, ही तिची खूण. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जिंगनंतर ८० टक्के क्षमता राखतील आणि आयफोन १५ पासूनच्या १०००, असं ॲपल सांगते. तीन-चार वर्षं रोज चार्ज झालेला फोन असेल तर हिशेब तुम्हीच करा. बॅटरी हा झिजणारा भाग आहे, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

ती बदलायची मात्र स्वतः नाही. आजच्या बहुतेक फोनमध्ये ती गोंदाने चिकटवलेली असते आणि काढताना वाकली किंवा खुपली तर पेट घेऊ शकते. सरळ उघडणाऱ्या मागच्या झाकणाचा फोन असेल, तर तेवढा अपवाद.

इथे थांबा

सॉकेट ठीक, दोन वेगळे संच लावून झाले, पोर्ट साफ आणि कोरडा, रीस्टार्ट झाला, अर्धा तास वाटही बघितली, आणि तरी काही नाही. किंवा पोर्ट हलतोय, जीभ मोडलीय, जळका वास येतोय. मग फोन दुरुस्तीला द्या. वॉरंटी असेल तर अधिकृत केंद्रातच, कारण बाहेर उघडलेला फोन ते पुढे नाकारू शकतात.

थोडा चार्ज शिल्लक असेल तर आधी बॅकअप घ्या. वायरलेस चार्जिंग चालत असेल तर तेवढ्यासाठी ते वापरा. दुकानात ‘चार्ज होत नाही’ एवढंच सांगू नका, काय काय करून झालं ते सांगा. “दोन केबल, दोन अडॅप्टर लावून बघितले, पोर्ट साफ केला, एका बाजूने चार्ज होतो, उलट केली की नाही” असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचा फोन उगाच बॅटरीपासून सुरू होत नाही. तुमच्या फोनचा चार्जिंग पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर आहे की मुख्य बोर्डवर सोल्डर केलेला, हेही विचारा. छोटा बोर्ड अख्खा बदलता येतो, ते तुलनेने सोपं. मुख्य बोर्डवरचं काम नाजूक आणि हाताच्या सफाईवर अवलंबून. पाण्यापासून संरक्षण असलेला फोन असेल तर उघडल्यावर नवं सील लावणार का, तेही आधीच ठरवून घ्या.

फोन परत मिळाला की तिथेच उभं राहून केबल दोन्ही बाजूंनी लावून बघा आणि कुणालातरी एक फोन करा. कॉल करायचं कारण असं की अनेक फोनमध्ये बोलायचा माइक त्याच छोट्या बोर्डवर बसवलेला असतो, आणि चार्जिंग छान सुरू झालं पण समोरच्याला आवाज जात नाही, हे घरी आल्यावर कळलं की पुन्हा फेरी पडते.